डावीकडचा शेवटचा दात

गोजरबाईचा डावीकडचा शेवटचा दात डॉक्टर आसारामांनी अकरा वाजता उपटला. पण ते आपल्याला अजून माहीत नाही असं धरू. सध्या दहा वाजलेत, दात जागेवर आहे आणि डॉक्टर कापसाची वात तिच्या गालाजवळ नेताहेत.

वात टेकली. गोजरबाई खुर्चीसकट मागं सरकली.

"वीज चमकली ना?"

"चमकली. मुंबईला ह्येच शिकून आलात व्हय?"

हेच शिकून आले होते. डोकं आणि चेहऱ्याच्या दुखण्यांचं चार महिन्यांचं खास प्रशिक्षण. शेवगाव तालुक्यातून एकाला पाठवायचं होतं. नाव ठरवायच्या दिवशी आसाराम रजेवर होते, म्हणून त्यांचंच ठरलं. परत येताना प्रमाणपत्र आणलं आणि एक वाक्य: ही कळ गालातल्या नसेची असते, दात उपटू नये. शिकवणाऱ्या सरांनी वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर होतं.

गोजरबाईनं पदराची गाठ सोडली. आत अकरा दात निघाले. सगळे धडधाकट.

"दर दाताला दोन महिनं कळ थांबती. आता ह्यो एकच हाय. लई जपून ठिवलाय."

"अहो, ती कळ मधूनमधून आपोआपच थांबते. दाताचा काही संबंध नाही."

"मंग आज थांबवा की आपोआप."

त्यावर गोळ्या होत्या, पण पुण्यात. डॉक्टरांनी तीनदा मागवल्या. वरून तीनदा एकच उत्तर आलं: मागणी दातांच्या डॉक्टरांमार्फत करावी. तालुक्यात दातांचा डॉक्टर नव्हता.

बाहेर ऊसतोडीला निघालेल्या गाड्या जुंपून उभ्या होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम नेत नाही. ती मागं राहिली की दारात उभा असलेला तिचा नवरा, कारभारीही राहिला. यंदा पाऊस नव्हता. गावात राहून खायचं काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"चार दिस झालं, भाकर चावली न्हाई तिनं," कारभारी म्हणाला. "त्यात गाडीवर वारं लागतंय गालाला."

"तुमी गप ऱ्हावा," गोजरबाई म्हणाली. "साहेब, दात कुनाचा?"

"तुमचा."

"मंग काढा. तुमी न्हाई काढला तर वाटंत ह्ये काढतील. पक्कड घेतलीय."

कारभारीनं हात पाठीमागं नेला. बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्या काढायची पक्कड होती ती.

डॉक्टरांनी उठून प्रमाणपत्र भिंतीकडं तोंड करून टांगलं आणि हत्यारं उकळायला ठेवली.

अकरा वाजता गोजरबाईनं गालावर बोट ठेवलं. मग तळहात. मग दोन्ही गाल दाबून पाहिले आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

"गेली बघा!"

भुलीच्या इंजेक्शनचा असर गाड्या ओढ्यापर्यंत पोचेस्तोवर टिकणार होता. चूळ भरायला डॉक्टरांनी तिला पाणी दिलं.

बारावा दात गाठीत बांधून ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आता पुढच्या कळंला काय काढायचं, साहेब?"

कारभारीनं बैलांना हाक दिली. ती पळत जाऊन गाडीत चढली.

गाड्या दिसेनाशा झाल्यावर डॉक्टरांनी चौथं स्मरणपत्र लिहायला घेतलं.

"...सबब विनंती की, उपरोक्त गोळ्यांचा पुरवठा होईपर्यंत सदर रुग्णास डाव्या बाजूस किमान एक दात तातडीने मंजूर करण्यात यावा."