काचेआडची खरी खुर्ची

मी बोलतेय, काचेआडची डुलती खुर्ची. खरी मीच बरं का! या संग्रहालयात समोरच्या नकली अध्यक्षीय कचेरीत जिच्यावर बसून पोरंटोरं फोटो काढतात ना, ती माझी नक्कल. माझ्यापुढे दोरी, काच आणि 'हात लावू नये'ची पाटी.

अमेरिकेत, आयोवातल्या शेतावर एव्हरेटच्या वडिलांनी मला ओकच्या लाकडातून घडवलं. एव्हरेट लिंडक्विस्ट राष्ट्राध्यक्ष झाला आणि मलाही व्हाइट हाऊसला घेऊन गेला. माझा डावा सांधा सैल, डुललं की करकर वाजायचा. त्यावरून शेजारच्या खोलीत त्याच्या बायकोला, लोर्नाला कळायचं, स्वारीला आज चैन नाही. "झोप रे आता," ती म्हणायची, "देश कुठं पळून चाललाय?"

तो गेला. त्याच्या नावाचं हे संग्रहालय आमच्याच गावात, मक्याच्या शेतांना लागून उभं राहिलं. त्याची कागदपत्रं तळघरात, अभ्यासक येऊन चाळतात. चष्मा, बूट, देशोदेशीच्या भेटी वर मांडल्यात. शाळांच्या पिवळ्या बस येतात. सगळे मला बघतात, टेकत कुणीच नाही. खुर्चीच्या जन्माला येऊन रिकामं राहायचं, फार एकटं वाटतं हो.

परवा लोर्ना आली, काठी टेकत.

"मार्लिस, पोरी," ती संग्रहपालबाईंना म्हणाली, "बसत नाही मी, नियम ठाऊक आहेत. मीच तर दिली ही खुर्ची. फक्त एकदा हलव. तो आवाज ऐकायचाय, मग खुशाल मरते."

मी आतून हरखले. मार्लिसनं काच उघडली, हातमोजे चढवले, मला मागे ओढून हलकेच सोडलं.

मी डुलले. आवाज नाही.

"जोर लाव की. जेवली नाहीस का?"

पुन्हा डुलले, जीव खाऊन डुलले. काहीच नाही.

मार्लिसचा चेहरा उतरला. "मिसेस लिंडक्विस्ट, तो सांधा निखळायला आला होता. आम्ही पक्का केला. फार निगुतीनं केला हो."

लोर्नानं नियम मोडून माझ्या उजव्या हातावर आपला उघडा हात ठेवला. मार्लिसनं अडवलं नाही.

"बरं झालं," लोर्ना म्हणाली. "झोप लागली म्हणायची त्याला एकदाची."

ती गेली, काच पुन्हा लागली. दर सोमवारी मला पुसायला येता तुम्ही. एवढं ऐका, उजवा हात तेवढा न पुसता राहू द्या.