तिसऱ्या गिअरचा झटका

मायाची झोप उडाली ती माझ्या निवृत्तीनंतर आम्ही नव्या रायपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हापासून. त्याआधी सगळा जन्म आम्ही रेल्वे कॉलनीत काढला. मागच्या भिंतीपलीकडे रूळ, रात्रभर मालगाड्या, मांडणीतल्या ताटल्या किणकिणायच्या आणि ही बाई डाराडूर. नव्या राजधानीत सगळं शांत. मंत्रालय नुकतंच तिकडे गेलं होतं. रस्ते विमान उतरवता येईल एवढे रुंद, दुतर्फा दिवे, आणि माणूस औषधालाही नाही. संध्याकाळी बाल्कनीत उभं राहिलं की वाटायचं, कोणीतरी हे शहर स्वप्नात पाहिलं आणि तसंच टाकून उठून गेलं. मला ते जाम आवडलं. उशीला डोकं टेकलं की मी घोरायचो आणि माया छताकडे बघत पडून राहायची.

हळूहळू तिचे गाल बसले. तव्यावर पोळी टाकून ती खिडकीशी जाऊन उभी राहायची, पोळी करपायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर दिवसा गुंगी आणि रात्री पुन्हा टक्क जागी. आमची मुलगी चेतना पुण्याला असते. ती फोनवर म्हणायची, आईला काही महिने इकडे पाठवा. मी म्हणायचो, मग मला चहा कोण करून देईल? चहाचं निमित्त होतं. मायाशिवाय त्या पांढऱ्याफटक घरात राहायची मला भीती वाटत होती.

अशात एका सकाळी आम्ही जवळच्या अभनपूरच्या बाजाराला निघालो, आणि गाडीत तिला झोप लागली. चांगली तोंड उघडं टाकून. मी बाजारात थांबलोच नाही, गाडी वळवून परत नव्या शहराच्या रस्त्यांवर आणली आणि फिरवत बसलो. तेव्हापासून रोज सकाळी तोच कार्यक्रम सुरू झाला. शेतांवर धुकं असायचं, अर्धवट बांधलेल्या इमारती त्यात पाय नसल्यासारख्या उभ्या असायच्या, चौकातले सिग्नल कोणासाठी कोण जाणे लाल-हिरवे होत राहायचे. मी तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवायचो आणि माया झोपायची.

पण गाडीत एक खोड होती. ही जुनी एस्टीम मी रेल्वेतल्या दयारामच्या मुलाकडून घेतलेली. त्याला शर्यतीचं खूळ, म्हणून त्याने मोठा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर लावून ठेवला होता. त्यामुळे इंजिनात हवा जास्त जायची, पेट्रोल मात्र पूर्वीएवढंच. एकसारखी हळू चालवली की थोड्या थोड्या वेळाने ती उचकी लागल्यासारखा झटका द्यायची. प्रत्येक झटक्याला माया डोळे उघडायची, मान वळवायची, पुन्हा मिटायची. माझा जीव वरखाली व्हायचा. रेल्वेत मी रूळ सांभाळणाऱ्या खात्यात होतो, बहुतेक रात्रपाळीला. ट्रॉलीवरून जाताना रुळातला झटका बुडाला कळला पाहिजे आणि मजुरांची गँग लावून तो काढला पाहिजे, एवढ्यावर मी संसार केला. आता माझ्याच गाडीत, माझ्याच बायकोला झटके बसावेत, हे मला बघवेना.

बूढ़ापाऱ्यात, म्हणजे जुन्या रायपुरात, तलावाच्या अंगाला परागचं छोटं गॅरेज आहे. हा ब्राह्मणपाऱ्यातला मराठी पोट्टा, आपण मराठीत बोललं तर त्याला सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत देतो. त्याने एक काळी डबी दाखवली, काडेपेट्यांच्या पुड्याएवढी. गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवतो. ही डबी त्यांच्या मधल्या तारांत बसते आणि त्याचा हुकूम थोडा वाढवते नाहीतर कमी करते. कोणत्या वेगाला किती, हे लॅपटॉपवरच्या चौकटींत भरायचं. मी विचारलं, झटका जाईल का? पराग म्हणाला, चौकट बरोबर भरली तर पोटातलं पाणी हलणार नाही.

डबी बसली, सायलेन्सरच्या नळीत हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा एक सेन्सर बसला, आणि मायाला घरी ठेवून पराग आणि मी ओळीने काही सकाळी आमच्याच रिकाम्या रस्त्यांवर ते काम करत राहिलो. मी चालवायचो, पराग मागे मांडीवर लॅपटॉप घेऊन. पडद्यावरचा आकडा चढला की इंजिन उपाशी, उतरला की पेट्रोल वाया. त्याची पद्धत मला फार पटली. एका फेरीला एकच चौकट बदलायची, मग गाडी मागे नेऊन तोच रस्ता, तोच वेग, तोच गिअर. घाई नाही, बडबड नाही. तो मधूनच म्हणायचा, "फिर से, अंकल," आणि मी पुन्हा त्याच दिव्यांमधून, त्याच धुक्यातून गाडी न्यायचो. किती फेऱ्या झाल्या कोणास ठाऊक. शेवटी शेवटी आम्ही कुठे जातोय की रस्ताच आमच्याखालून जातोय, तेच कळेनासं झालं.

आणि झटका गेला. गाडी अशी चालली की जमिनीला टेकत नसावी. मला निवृत्तीनंतर पहिल्यांदा काहीतरी काम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत मायाला बसवलं, तिची लाडकी उशीही घेतली.

माया झोपली नाही. सगळा वेळ समोर बघत बसली. मला वाटलं, सवयीचा प्रश्न असेल. पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्याही दिवशी तेच. आता तिला ना घरात झोप ना गाडीत. तिच्या हातातून वाटी पडायला लागली, आणि मीच चेतनाला फोन करून आईच्या पुण्याच्या तिकिटाचं बघायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी गाडीत मी चिडलोच.

"काहून झोपत नाही तू? गाडी तं लोण्यावानी चालून राहिली."

"म्हणूनच तं," माया म्हणाली. "कॉलनीत तुम्ही रातच्याले रुळावर राहत होते. गाडी धडधडत गेली की मले समजे, रूळ नीट आहे, म्हणजे तुम्हीबी नीट आहा. मंग डोया लागे. इथं रातभर काहीच जात नाही."

"अवं, पण आता मी बाजूलेच असतो ना."

"झोपल्या माणसाचं काय समजते? एखाद्या दिवशी उठलेच नाही तं मले कोण सांगन?" तिने समोर डॅशबोर्डवर हात ठेवला. "या गाडीनं झटका देल्ला की मी डोये उघडत होती. तुम्ही दिसत होते. मंग झोप येत होती."

मी गाडी कडेला घेतली. समोरचं काही दिसेना. एवढी वर्षं मी समजत होतो की मी रात्री रुळांची राखण करतो आणि ही घरात निवांत झोपते. आणि तिच्या झोपेत शिरून, एक एक चौकट मोजून, मीच तिचा तेवढा आधार काढून टाकला होता. मला माझाच राग आला आणि तिची फार माया आली.

तसेच आम्ही बूढ़ापाऱ्यात गेलो. झटका परत बसवून दे म्हटल्यावर परागला वाटलं, मी थट्टा करतोय. "अंकल, लोग झटका निकलवाने आते हैं," तो म्हणाला. मी त्याला मायाचं सगळं सांगितलं. त्याने काकूंना नमस्कार केला, लॅपटॉप घेतला आणि मागच्या सीटवर बसला.

नव्या शहरात पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळंच होतं. त्याने तिसऱ्या गिअरच्या चौकटीतलं पेट्रोल थोडं काढलं. काही नाही झालं. आणखी थोडं काढलं. इंजिनाच्या जिवाला याने धोका नाही, फक्त मेकॅनिक म्हणून माझ्या नावाला आहे, असं तो पुटपुटला. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. दिवे मागे जात होते, रिकामे चौक मागे जात होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा झटका यावा म्हणून वाट बघत होतो.

तो आला. मायाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि तिचा हात मांडीवरून सैल होऊन सीटवर पडला. परागने लॅपटॉप आवाज न करता बंद केला. त्याचं दुकान उघडायची वेळ टळून गेली होती, पण थांबलो तर ती जागी होईल म्हणून मी चालवत राहिलो, आणि तोही मला उतरवा म्हणाला नाही.

नोकरीत असताना पहाटे घरी आलो की मी मागच्या दाराने, चपला हातात घेऊन शिरायचो. तिची झोपमोड नको म्हणून. आलो, असं एकदाही सांगितलं नाही. पुढच्या रिकाम्या चौकात गाडीने पुन्हा झटका दिला. मायाचे डोळे उघडले, आणि तिने काही विचारायच्या आधीच मी म्हणालो, "मी आहो इथंच. झोप तू."