वयाचा रकाना

"वय?"

"लिहा की चाळीस," बाकावरचा पेशंट पोट धरून म्हणाला.

पटकीच्या वॉर्डातल्या नोंदणी कारकुनाने चाळीस लिहिले. त्याच्या रजिस्टरात अख्खे गावच चाळिशीत होते. कण्हणाऱ्या माणसाशी हुज्जत कोण घालणार? 'आधी घेतलेली औषधे' या रकान्यात तर तो न विचारताच 'नाही' लिहून मोकळा व्हायचा. वॉर्डात त्याचे नावच 'चाळिशे' पडले होते.

आज मात्र डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर त्याच्यापुढे आपटले. "चाळिशे, सलाईनवर माणसं तगतायत, पण जुलाब आटोक्यात येत नाहीत. नेहमीची गोळी जंतूंना पचायला लागलीय बहुतेक. ती घरून कोण खाऊन आलंय, हे मला कसं कळणार? साठीपुढची माणसं झपाट्यानं खालावतात, त्यांना नर्सच्या टेबलाशेजारी खाट द्यायची असते. तुमच्याकडे म्हातारं कुणी नाहीच!"

"उद्यापासून विचारतो," तो म्हणाला.

दुपारीच स्ट्रेचरवरून त्याची थोरली बहीण आली. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, तोरा मात्र शाबूत.

"वय?"

"एक्कावन्न."

कारकून स्वतः सत्तावन्नचा होता. "ताई, मग जन्माला यायच्या आधीच मला कडेवर घेऊन फिरत होतीस का?"

"हळू बोल, बारक्या. लोक ऐकतायत."

त्याने चौसष्ट लिहिले आणि पुढच्या रकान्यापाशी त्याचा हात थबकला. वॉर्डात उरलेल्या गोळ्या तो खिशातून घरी न्यायचा. ताईचे पोट जरा बिघडले की दोन काढून द्यायचा. परवापासून तिने त्याच खाल्ल्या होत्या. निवृत्तीला तीन महिने उरले होते.

"'नाही' लिही," ताई पुटपुटली. "विचारलं तर मीही नाहीच म्हणेन. नोकरी घालवतोस की काय?"

त्याने तिच्याकडे पाहिले. पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी तिची बोटे सुरकुतली होती. ही गेली तर आपल्याला बारक्या म्हणणारे कुणी उरणार नाही, या विचाराने त्याला भरून आले. मग त्याने ठळक अक्षरांत लिहिले, 'हो. नेहमीचीच गोळी, दोन दिवस, गुण नाही. भावाने वॉर्डातून नेऊन दिली.' आणि रजिस्टर घेऊन तो स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेला.

त्यांनी दोनदा वाचले. "तुमचं नंतर बघते," त्या म्हणाल्या. औषध बदलले, खाट नर्सच्या टेबलाशेजारी मिळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईचे जुलाब थांबले. कारकून मीठसाखरेच्या पाण्याचा ग्लास धरून बसला होता. त्याच्या खुर्चीत बसलेली नवी बाई प्रत्येकाला वय दोनदा विचारत होती.

"चौकशी लागली का रे?"

"लागली."

ताईने त्याच्या हातूनच एक घोट घेतला. तिचे डोळे पाणावले होते.

"गोळ्यांचं खरं लिहिलंस, ते एक समजू शकते," ती म्हणाली. "पण वयाचं कशाला?"

"पी," म्हणत त्याने ग्लास पुन्हा तिच्या ओठांना लावला.