चकाचकने पुसलेली आकाशगंगा

मी एक जुना प्रिंटर आहे. फोटो स्टुडिओच्या काउंटरमागे, पंख्याखाली बसवलेला. मित्रांनो, माझी गोष्ट नाक धरूनच ऐका. माझ्या पोटात वाळलेली शाई आहे, जळमटे आहेत, कागदाचा भुसा आहे आणि एक मेलेली पाल होती. शी! दोन वर्षे मी तिला पोटात घेऊन फोटो छापले.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! मालक मला रोज मऊ फडक्याने पुसायचा. माझ्यातून निघालेला पहिला फोटो त्याच्या बायकोचा. हनुवटीवरच्या तिळासकट. "अगबाई, अगदी आहे तशीच आले की!" ती म्हणाली होती. ते कौतुक मी जपून ठेवले आहे, कारण पुढे आहे तसे कोणी आलेच नाही.

मालकाला सफाईचे वेड लागले. कॉम्प्युटरवर बसून तो गिऱ्हाइकांचे तीळ, वांग, सुरकुत्या, व्रण सगळे पुसू लागला. लोक त्याला 'चकाचक' म्हणू लागले आणि तो ते नाव मिरवू लागला. एकदा त्याने ऐंशीच्या म्हातारीचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा करून माझ्याकडे पाठवला. मला शिसारी आली. पण आम्ही पडलो हुकमाचे ताबेदार. छापला.

एका शुक्रवारी सकाळी विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई आल्या. "एक डोळा गेलाच आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं सोमवारी ऑपरेशन. तोही राहील की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. त्याआधी हे चित्र मला मोठं करून बघायचंय."

चित्र अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेले होते. मधोमध भोवऱ्यासारखी आकाशगंगा, तिच्या वळत गेलेल्या निळ्या भुजांवर गुलाबी तेजोमेघ आणि मागच्या काळोखात शेकडो बारीक ठिपके. आज शाईचे सार्थक होणार, असे मला वाटले. कसले काय! चकाचकने माझ्याकडे पाठवले तेव्हा काळोखात एक ठिपका शिल्लक नव्हता.

"धूळ फार होती हो बाई," तो ऐटीत म्हणाला. "दोन तास बसून एकेक डाग काढला. बघा आता!"

बाईंनी खालच्या कोपऱ्यावर भिंग धरले. तिथेच पुन्हा धरले. "इथे एक नारिंगी ठिपका होता."

"तो? तो तर सगळ्यात चिवट डाग!"

"अहो, डाग नव्हे! अख्खी आकाशगंगा होती ती. तिथून प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा नव्हती. वर्गात एवढ्याशा चित्रात तोच ठिपका मी पोरांना दाखवायचे. ही मधली रंगीत बया राहू दे तुम्हाला. मला तो हवाय."

चकाचकचे तोंड एवढेसे झाले. मला त्याची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःची. छापले तर मीच होते ना!

त्याने घाईघाईने मूळ चित्र माझ्याकडे पाठवले. मी एवढा जोर लावला, की पोटातली वाळलेली शाई सुटून उडाली. कागद बाहेर आला तो शाईच्या शिंतोड्यांनी बरबटून.

बाई बराच वेळ त्यावर वाकल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "यातली आकाशगंगा कुठली आणि तुमची घाण कुठली, हे मी कसं ओळखू?"

चकाचकने माझे झाकण उघडले आणि "ई!" करून मागे सरला. जगाचे डाग पुसणारा हा माणूस, स्वतःच्या घरची पाल पाहून ओकायच्या बेतात आला.

"मी बसते इथे," बाई म्हणाल्या. "करा साफ."

तो दुपारभर माझ्या पोटात फडके घालत राहिला. पाल चिमट्याने काढली. मग मी पुन्हा छापले. बाईंनी भिंग धरले आणि एकदम लहान मुलीसारख्या हसल्या. "आहेस का गं? आहेस, आहेस!" किती वेळ त्या तिच्याशी बोलत होत्या.

सोमवारचे काय झाले, मला ठाऊक नाही. बाई पुन्हा आल्या नाहीत. चकाचक मात्र परत चेहरे सोलू लागला आहे आणि कालच पंख्यावरून नवे जळमट माझ्यात पडले.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. पुसायचेच असेल तर आधी माझे पोट पुसा. आणि एखाद्या ठिपक्यावर फडके फिरवण्याआधी निदान विचारा, की बाबांनो, यात कोणाचा जीव तर अडकलेला नाही ना?