सीटखालची पेटी

"दोर आवळून धर रं सांडू, वजन आलंय!" विहिरीतून गोकुळचा आवाज आला आणि काठावरची कुजबुज थांबली.

किल्ल्याची सावली दौलताबादच्या शिवारात उतरू लागली होती. दुपारी मोटार चालू करायला गेलेल्या मोनिकाचा पाय घसरला आणि पाण्याने तिला गिळलं. शहरातून अग्निशमन दलाचा बंब आला, पोरांनी गळ टाकून पाहिले, शेवटी बंबावरचा गोकुळच कमरेला दोर बांधून, त्याचं टोक जोडीदार सांडूच्या हाती देऊन उतरला. आयुष्यभराच्या नोकरीत त्याने आगींपेक्षा विहिरीच जास्त पाहिल्या होत्या. तळाशी देहाला हात लागला की तो हलकेच म्हणायचा, "चल बाई, घरी चल. भिऊ नको." आजही म्हणाला.

मोनिका वर आली. बायांनी पदरांचा आडोसा केला. तिची सासू साळूबाई तिच्या केसांतलं शेवाळ एकेक धागा करून काढत बसली. पंचनामा झाला. दवाखान्यात न्यायला गाडी यायची होती.

एक बाई खालच्या आवाजात म्हणाली, "माहेरचं कुणी येनार का, साळूआक्का? सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं."

"कुठलं माहेर, बाई? मामानं वाढवली, त्योबी गेला. पंचमीला समद्या लेकी माहेरी जायच्या, ही दारात रांगोळी काढत बसायची. म्हनायची, आत्या, मी हितलीच लेक हाय की."

"दुकानातनं आनतो एक," मोनिकाचा दीर म्हणाला.

"आनशील रं. पर इकत आनलेलं आन माहेरचं एकच असतं व्हय?"

दोर गुंडाळणारे गोकुळचे हात थांबले.

महामारीच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो उस्मानपुऱ्याच्या गल्ल्यांतून बंबाने औषध फवारत होता, तेव्हा दवाखान्यातून फोन आला. त्याची वच्छला गेली होती. ती दळण निवडताना स्वतःशीच म्हणायची,

आगीशी त्याचं वैर, पान्याशी नातंगोतं
घरी येता घरधनी, दिव्याचं सोनं व्हतं

तिला प्लास्टिकमध्ये बांधून थेट स्मशानात नेलं. तिचा भाऊ फर्दापूरहून मोटारसायकल हाणत आला, हातात हिरवी साडी घेऊन. जवळ कुणी जाऊ दिलं नाही. चिता विझत आली तरी तो ती साडी छातीशी धरून उभा होता. "दाजी, बहिनीचा आहेर माघारी कसा नेऊ?"

त्याला ती माघारी नेता येत नव्हती, गोकुळला घरात ठेवता येत नव्हती, टाकवत तर नव्हतीच. गोकुळने ती बंबाच्या सीटखालच्या पेटीत ठेवली. तेव्हापासून ओला दोर त्या पेटीत ठेवायचा नाही, हा त्या बंबाचा कायदा झाला. नवा माणूस विसरला तर गोकुळला मामा म्हणणारा सांडू खेकसायचा, "ए, मामी हाय तिथं!"

गोकुळ बंबाकडे गेला, पेटी उघडली.

सांडूने पाहिलं. "मामा... ती तर मामीची."

"मामीची नेसायची ऱ्हायली, सांडू. हिची तरी ऱ्हाऊ नये."

ओल्या हातांचा डाग पडू नये म्हणून त्याने हात आधी गवताला, मग बंबातल्या कोरड्या गमछ्याला पुसले. घडी अजून मोडलेली नव्हती. साळूबाईसमोर तो उकिडवा बसला.

"आक्का, दवाखान्यातनं आनली की हीच नेसवा."

साळूबाईने साडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कुणाची, कशी, काही विचारलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि सुनेच्या माहेरच्या पाहुण्यापुढे पसरावी तशी ओटी पसरली.

"भाऊ, उद्या बाया इचारतील. माहेर कुठलं सांगू?"

गोकुळने विहिरीकडे पाहिलं. पाणी पुन्हा स्थिर झालं होतं.

"फर्दापूर सांगा."

गाडी मोनिकाला घेऊन गेली. बंब निघायच्या तयारीत होता. सांडू सवयीने ओला दोर टपावर चढवू लागला.

"वर कशाला?" गोकुळ म्हणाला. "पेटीत टाक. आता जागा हाय."

सांडू दोर घेऊन तसाच उभा राहिला. शेवटी गोकुळनेच तो त्याच्या हातातून घेतला, पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. दोराचं पाणी पेटीच्या फटीतून ठिबकत होतं. शहर येईपर्यंत ते ठिबकतच राहिलं.