मी घरीच आहे

कानातलं मशीन नीट बसलं नसेल, तर ते बारीक शिट्टी वाजवतं. आतून निघालेला आवाज फटीतून निसटतो, मशीनच्याच माईकमध्ये शिरतो आणि मोठा होऊन पुन्हा बाहेर येतो. मशीन स्वतःचंच ऐकत राहतं आणि स्वतःशीच ओरडत राहतं. तिने सासूबाईंच्या कानाची पाळी दोन बोटांनी वर ओढली, कानात बसणारा मशीनचा साचा हलकेच फिरवला. शिट्टी थांबली.

"आता?"

"आता पुन्हा घड्याळ ऐकू येतंय," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मेलं मुकाट चालतंय असंच वाटायचं मला."

ती हॉस्पिटलात कान तपासायची. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानात बारीकजाड सूर सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. लोक तिला कानवाल्या बाई म्हणत. इतरांच्या आयांना ऐकू यायला लागायचं आणि घरात मात्र दिव्याखाली अंधार, कारण मशीन घातलं की आपण म्हाताऱ्या दिसू अशी सासूबाईंची समजूत होती. शेवटी पंधरवड्यापूर्वी त्या कशाबशा तयार झाल्या. तिने त्यांच्या ऐकण्याचा आलेख काढला, मशीन मोजूनमापून बसवलं आणि समाधानाने घरी आली. आपण काय करून बसलो, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्या अजून नळ्यांमध्येच होत्या, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे तिचा नवरा, रस्त्यात कोसळला तो उठला नाही. इतक्यात धक्का नको, असं डॉक्टर म्हणाले. इतक्यात म्हणजे कुठपर्यंत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. थोरल्याला लांब कुठेतरी यंत्रं बसवायच्या कामावर पाठवल्याचं सांगून तिने वेळ मारून नेली. मग धाकट्या दिराने दर रविवारी संध्याकाळी आपल्या गावाहून फोन करायला सुरुवात केली, थोरला बनून. दोघा भावांचे आवाज फोनवर लहानपणापासूनच सारखे. त्यात सासूबाईंना जाड आवाज तेवढे ऐकू यायचे. स, श, फ त्यांच्या कानापर्यंत पोचतच नसत. आवाज थोडा खाली आणला की काम भागायचं.

पहिले काही रविवार धाकटा फोन ठेवल्यावर रडायचा. मग सवय झाली. फोनवरचा थोरला आपला आपण वाढू लागला. त्याला बढती मिळाली, सर्दी झाली, त्याने राहायची खोली बदलली. एकदा तिनेच धाकट्याला विचारलं होतं, नव्या खोलीत ऊन येतं का. मग दोघांनीही घाईघाईने फोन ठेवला होता. आता सांगूनच टाकू, असं ती दर आठवड्याला ठरवायची, आणि आजचा दिवस जाऊ दे, असं म्हणायची. असे दिवस जात जात सासूबाई चांगल्या हिंडत्याफिरत्या झाल्या होत्या.

आज रविवार होता. फोनच्या आधी सासूबाईंचा टीव्हीवरचा कार्यक्रम असायचा.

प्रेक्षकांनी घरबसल्या बक्षीस जिंकायचा तो खेळ होता. आठवडाभर लोक फोन करून आपलं नाव आणि नंबर नोंदवत. काचेच्या पिंपातून एक नंबर निघे. सूत्रसंचालक तो सगळ्यांसमक्ष फिरवायचा आणि घरातल्या माणसाने हॅलो न म्हणता "मी घरीच आहे" असं म्हणायचं. हॅलो म्हणाला की बक्षीस गेलं. त्यामुळे कार्यक्रमाच्या वेळी गावभर कोणाच्याही घरी फोन केला, तरी पलीकडून "मी घरीच आहे" हेच ऐकू यायचं. विजेच्या बिलासाठी फोन करणारा माणूससुद्धा त्याला सरावला होता. सूत्रसंचालकाला सासूबाई गोडबोल्या म्हणत.

"आज गोडबोल्याने केस काळे केलेत," सासूबाई म्हणाल्या.

तिने मान वर केली. केस काळे होतेच, पण गालही भरलेले होते आणि मागचा पडदा जुना, निळा होता. वाहिनीवाल्यांनी जुने भाग पुन्हा दाखवायला काढले होते. निळ्या पडद्यापुढच्या टेबलावर बक्षिसाची वस्तू होती. हिरव्या पात्यांचा टेबलफॅन.

तोच टेबलफॅन या क्षणी खोलीच्या कोपऱ्यात मान वळवत होता. त्याची हिरवी पाती आता कडेने गंजली होती.

रिमोट तिच्या हाताशीच होता. बटण दाबायला कितीसा वेळ लागतो. पण नवऱ्याचा आवाज तिच्याकडे कुठेच साठवलेला नव्हता, एवढं एकच तिच्या मनात आलं आणि अंगठा बटणावर तसाच राहिला.

टीव्हीत घंटी वाजली. पडद्यावर घराचं एक काळं चित्र होतं, आत माणूस नसलेलं, एकाच खिडकीत दिवा. घंटी थांबली. कोणीतरी श्वास घेतला.

"मी घरीच आहे," थोरला म्हणाला.

सासूबाईंचे हात मांडीवर होते तसे थांबले.

गोडबोल्याने अभिनंदन केलं. आवाज घुमत होता. प्रत्येक शब्द एकदा ऐकू यायचा आणि मागोमाग लांबून, विहिरीतून आल्यासारखा पुन्हा. टीव्हीचा आवाज कमी करा, असं त्याने सांगितलं. सगळ्याच घरांना ते सांगावं लागायचं. थोरला हसला. "कमी कसा करू? आईला ऐकू येत नाही. कमी केला तर ती मलाच घराबाहेर काढेल." स्टुडिओतली माणसं हसली, आणि ते हसू त्या जुन्या खोलीतल्या टीव्हीतून फिरून परत आलं. त्याच्याही मागे एक बाई विचारत होती, अरे, कोणाचा फोन? आणि एक तरुण बाई हसू दाबत होती. तिने स्वतःला ओळखलं. असं हसता येत होतं हे ती विसरली होती.

"हा पंखा तुमचा," गोडबोल्या म्हणाला. कोपऱ्यातल्या पंख्याने मान वळवून दोघींवर वारा सोडला.

सासूबाई उठल्या. भिंतीला हात लावत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि अंधारात पाहत त्यांनी थोरल्याला बाहेर ये म्हणून हाक मारली, जेवायला बोलवावं तशी. मग तिथेच उभ्या राहून पुन्हा एकदा, हळू. आतून काही आलं नाही. त्या मागे फिरल्या. तिने त्यांना आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"जुना आहे ना हा कार्यक्रम?" खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. "माझाच आवाज होता त्यात. मला वाटलं, खरंच आला."

"जुनाच आहे, आई."

तिने टीव्ही बंद केला.  सासूबाई रडतील असं तिला वाटलं, पण त्या विचार करत होत्या. एखादा हिशेब जुळत नसला की त्यांच्या कपाळावर जी आठी पडायची, ती आता पडली होती.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हा माझा थोरला. मग दर रविवारी फोनवर असतो तो कोण?"



सासूबाई सांगत गेल्या, आवाज न चढवता. मशीन घातल्यापासून दोन रविवार त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं. आधी वाटलं फोन बिघडला, मग वाटलं मशीनच फसवतंय. तो माणूस थोरल्यासारखं बोलायचा, पण बोलण्याआधी जरा थांबायचा, पाठ केलेलं आठवावं तसा. त्यांच्या गोळ्यांची नावं त्याला ठाऊक होती. थोरला लहानपणी जिन्यावरून पडला होता, तेही ठाऊक होतं.

"धाकट्याला मी ओळखते. तोही नव्हे तो. थोरल्याचा नाही, धाकट्याचा नाही, मधलाच कोणाचातरी आवाज." त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. "मी दोनच मुलं वाढवली गं. हा मधला घरात कुठून शिरला?"

आणि मग, तिच्याकडे पाहत, फार हळू:

"याने माझ्या थोरल्याचं काय केलं?"

फोन वाजला.

सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. त्यांचे हात नेहमी थंड असत. आता ते घामाने भिजलेलेही होते. "उचलू नकोस," त्या कुजबुजल्या. "आपण घरी नाही असं वाटू दे त्याला."

फोन वाजत राहिला. पलीकडे धाकटा उभा असेल, घसा खाकरून आवाज खाली आणत. आज काय सांगायचं ते त्याने ठरवून ठेवलं असेल. कदाचित थोरल्याचं काम आणखी लांबलं असेल. तिला वाटलं, उचलावा, बोलावं, मशीन पुन्हा तपासायला हवं असं म्हणावं. मशीनमधले बारीक सूर जरा कमी केले, तर सासूबाईंना पुन्हा पहिल्यासारखंच ऐकू येईल. ते तिला सहज करता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं.

सासूबाई फोनकडे पाहत होत्या. एवढ्या मोठ्या ऑपरेशनलाही त्या अशा घाबरल्या नव्हत्या.

घंटी थांबली. खोलीत फक्त घड्याळ ऐकू येत होतं, आता दोघींनाही.

ती त्यांच्या पायाशी खाली बसली. त्यांची नजर तिच्या ओठांवर स्थिरावली. बहिरेपणाच्या वर्षांतली सवय.

"मधला कोणी नाही, आई," ती म्हणाली. "फोनवर धाकटे भावजी असतात. मीच त्यांना करायला लावलं. हे गेले. तुम्ही हॉस्पिटलात होतात, तेव्हाच गेले."