हेरंबच्या पेटीचं पॅकिंग

जयवंताला दुनियेतली कुठलीही वस्तू खोक्यात घालता यायची. ही एक वस्तू मात्र त्याला खड्ड्यात घालावीशी वाटत होती.

वस्तू म्हणजे हेरंबचा ॲम्प्लिफायर. लालबागच्या चाळीत, खालच्या चौकात, चटईवर नवरदेवासारखा बसवलेला. पुढं करड्या कापडाची जाळी, वर दोन काळी बटणं, मागं बल्बसारखे काचेचे व्हॉल्व. हेरंब मांडीवर विजेची गिटार आडवी घ्यायचा, तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवायचा, आणि त्या पेटीतून असा काही गळा निघायचा की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या तांदूळ निवडायच्या थांबायच्या. जयवंताची ढोलकी त्याच चौकात दोन वर्षं वाजत होती. तिच्यापायी कुणाचा एक खडा निवडायचा राहिला नव्हता.

हेरंब गिरगावातला. कॉलेजात जाणारा, इस्त्रीच्या शर्टातला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तसा तो एका सभेनंतर नानांना येऊन भेटला, म्हणाला, "मलाही तुमच्या कलापथकात घ्या." नाना म्हणजे पथकाचे म्होरके, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी घेतला. आणि महिन्याभरात पथकाचा रंगच पालटला.

आता चळवळीच्या समितीनं पथकाला कोकणात बोलावलं होतं. भाऊच्या धक्क्यावरून बोट, थेट मालवण, तिथून पुढं खारेवाडी. खारेवाडी म्हणजे जयवंताचंच गाव. तिथल्या देवळापुढं चार गावचे लोक जमणार होते. आणि नानांनी सांगितलं होतं, "माणसं चारच. मी, अंबिका, हेरंब आणि मागं झील ओढायला दगडू. पेटीचंही भाडं द्यावं लागतं बाबा. शिवाय त्या गिटारीपुढं ढोलकी जरा कडकड करते. तू या खेपेला ऱ्हा."

माझ्या गावात सगळे जाणार, आणि मी ऱ्हा!

त्यावर कडी म्हणजे पॅकिंग कुणी करायचं? जयवंतानंच. सातवीत मास्तरांशी भांडून त्यानं शाळेला रामराम ठोकला होता, तेव्हापासून तो शिवडीच्या एका गोदामात खोकी ठोकत होता. "तुझ्यासारखा हात नाही कुणाचा," नाना म्हणाले. हात पाहिजे होता त्यांना. माणूस नको होता.

तर देवदारी फळ्यांचं खोकं आलं, भाताचा पेंढा आला, काथ्या आला. हेरंबही येऊन उकिडवा बसला.

"जयवंत, सांभाळून हं. मालवणला बोट किनाऱ्याला लागत नाही म्हणे. भर समुद्रात दोरानं सामान होडीत सोडतात."

"मला सांगतोस? माझं गाव आहे ते."

"म्हणूनच निर्धास्त आहे," हेरंब हसला. त्याचं ते हसणंसुद्धा इस्त्री केलेलं.

जयवंताच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. व्हॉल्व काढायचेच नाहीत. आहेत तिथंच राहू दे. मागच्या बाजूला पेंढा नावाला ठेवायचा. होडीत एकदा खोकं आपटलं की आत काचेचा चिवडा. दोष कुणाला? समुद्राला.

तेवढ्यात अंबिका आली. परळच्या बीडीडी चाळीतली ही पोरगी. भीमजयंतीला गाऊन गाऊन तिचा गळा असा पक्का झाला होता की लाउडस्पीकरच्या भोंग्याशिवाय नाक्यापर्यंत ऐकू जायचा. दोन वर्षं ती जयवंताच्या ठेक्यावर गायली होती. अंतरा संपायच्या आधी ती मान तिरकी करून त्याच्याकडं बघायची, मग हा तिहाई टाकायचा. आजकाल ती मान दुसरीकडं तिरकी व्हायची.

तिनं काखेतली गोधडी खोक्यावर टाकली. "ही घाल पेटीभोवती. आईच्या लुगड्याची आहे, मऊ आहे."

जयवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या गणपतीत हा तापानं फणफणला होता, तेव्हा हिनं गोधडी सोड, फडकं आणलं नव्हतं!

"पेटीला थंडी वाजते का?" तो म्हणाला.

"काय रे तिरका बोलतोस!"

"लाकडाला पेंढा लागतो. गोधडी तुझी तू पांघर."

"घाल म्हटलं तर घाल. मला काळजी वाटते त्या पेटीची." मग हेरंबकडं बघत म्हणाली, "एवढ्या माणसांपुढं मी कधी गायली नाही. मागं तो सूर असला की धीर येतो."

ती आणि हेरंब नव्या गाण्याची तालीम करायला नानांच्या खोलीकडं गेले. जयवंत हातोडी घेऊन खोक्याच्या फळ्या दणादण ठोकायला लागला.

एवढ्यात त्याची आये नळावरून हंडा घेऊन आली आणि पेटीपाशी थांबली.

"रे, ह्या पेटयेक करंट लागता मा?"

"लागतो. त्याशिवाय गिटार मुकी. का?"

"मगे गावात करंट खंय आसा? थंय अजून कंदील पेटवतत."

हातोडी जागच्या जागी थांबली.

खरंच की! खारेवाडीत कुठली वीज? गेल्या मे महिन्यात हा स्वतः तिथं दिव्याला वात लावत बसला होता. आणि ह्या मुंबईकरांच्या डोक्यात आलंच नाही! बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच वर्षानुवर्षं बघितलेलं. त्यांच्या लेखी करंट म्हणजे वारा. सगळीकडं असतोच.

"आये," जयवंत हळूच म्हणाला, "हे कोणाला बोलू नको."

"माका काय करूचा आसा?" म्हणत ती वर गेली.

मग जयवंतानं जे पॅकिंग केलं, तसं त्यानं गोदामात शेटच्या चिनी बशांचंही केलं नव्हतं. एकेक व्हॉल्व अलगद उपटला, खडूनं नंबर घातला, कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात निजवला. जाळीपुढं पुठ्ठा लावला, आतल्या स्पीकरचा कागदी पडदा फाटायला नको. वायर सैल गुंडाळून बांधली. जड अंग खाली. चारी बाजूंनी चार बोटं पेंढा, कोपऱ्यांना काथ्याच्या गुंडाळ्या. गोधडीसुद्धा घातली! झाकण ठोकून पत्र्याच्या पट्ट्या ओढल्या, लाल रंगानं बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलं. मग दगडूला बोलावून खोकं हलवलं. आतून चकार शब्द नाही.

"खोकं वाजलं तर ते खोकं नाही, खुळखुळा," जयवंत म्हणाला.

"साल्या, मनापासून केलंस की!" दगडूला नवल वाटलं. "मला वाटलं फोडशील."

"छट! धडधाकट पोचलं पाहिजे."

पोचलंच पाहिजे होतं. फुटलं तर लोक हेरंबची कीव करतील. नको. पेटी साजरीगोजरी निघाली पाहिजे, आणि इस्त्रीवाला हेरंब हातात वायर घेऊन देवळाच्या भिंतीत प्लगचं भोक शोधत फिरला पाहिजे. चार गावचे लोक बघतायत. कुणीतरी पोर विचारतंय, "काका, काय हरवलां?" जयवंत रात्रभर ते चित्र चघळत पडला आणि अंधारात एकटाच हसला.

सकाळी हातगाडी आली. खोकं वर चढलं. नाना पानाला चुना लावत होते. अंबिका पांढरं पातळ नेसून आली होती, गळ्याला गरम रुमाल, ओठ सुकलेले. हळूच नवं गाणं पुटपुटत होती. एका जागी तिनं मान तिरकी केली. मागं कुणीच नव्हतं. हेरंब गाडीचा दोर आवळत होता.

आणि जयवंताच्या त्या चित्रात पहिल्यांदाच ती दिसली. इतका वेळ त्यानं तिला त्यात घेतलंच नव्हतं. हेरंब भोक शोधतोय, आणि ही पुढं उभी. मागं सूर नाही, ठेका नाही. चार गावं गप्प.

गाडी हलली.

"थांबा!" जयवंत ओरडला. "तिथं वीज नाही!"

"कुठं?"

"खारेवाडीला. करंटच नाही. ही पेटी तिथं नुसतं लाकूड."

दगडू खो खो हसला. "झालं सुरू! जळतोय बघा नाना. याला न्यायचं नाही ना."

"कोकणातल्या सभेला मी गेलोय की," नाना म्हणाले. "भोंगा चांगला कोकलत होता."

"भोंगा बॅटरीवर, नाना! मोटारीच्या बॅटरीवर. ही पेटी चालते का त्यावर? विचारा ह्याला!"

सगळ्यांनी हेरंबकडं बघितलं. हेरंबचा चेहरा उतरला. "नाही चालत," तो म्हणाला. "पण तिथं खरंच..."

"थापा मारतोय," दगडू म्हणाला. "काल का नाही बोलला मग?"

अंबिका पुढं आली. "कधीपासून ठाऊक तुला?"

आता इथं 'आत्ताच आठवलं' म्हणून सुटता आलं असतं. पण मग कोण विश्वास ठेवणार? दगडू गाडी ओढायला वाकलासुद्धा होता.

"कालपासून," जयवंत म्हणाला. "झाकण ठोकायच्या आधीपासून."

"आणि तरी एवढं निगुतीनं बांधलंस?"

अंबिका खोक्याकडं बघत राहिली. त्या पट्ट्या, तो लाल बाण. मग तिच्या सगळं ध्यानात आलं, आणि तिनं त्याच्याकडं जे बघितलं, त्यापेक्षा मास्तरांची छडी बरी.

"खरं बोलतोय तो, नाना," ती म्हणाली. "उतरवा खोकं."

नानांनी पानाची पिंक टाकली. आईबहिणीवरून दोन वाक्यं झाली. मग म्हणाले, "पेटीच्या भाड्यात तू बसतोस. जा, ढोलकं आण. आणि परत असलं केलंस तर तुलाच खोक्यात ठोकीन."

जयवंत जिने चढला. आता हेरंब घरी जाणार. गिटार मुकी, काम काय त्याचं? ढोलकी गळ्यात अडकवून तो उड्या मारत खाली आला.

खाली हेरंब गेलाच नव्हता. शर्टाच्या बाह्या सरसावून, दगडूचे टाळ हातात घेऊन उभा होता.

"तिकीट काढलंय तर येतो की! टाळ तर वाजवता येतील? जयवंत, बरं झालं बाबा सांगितलंस. माझी फजिती वाचवलीस."

जयवंत मनात चरफडला. ह्याला राग का येत नाही? एक शिवी तर दे!

निघाले. पुढं रिकामीशी हातगाडी, बाजूला अंबिका आणि हेरंब. हेरंबला टाळ जमत नव्हते, भलत्याच जागी खणकत होते. अंबिकेला हसू आवरेना. ओठांची कोरड कुठल्या कुठं गेली होती.

"अरे असं नाही, हे बघ," म्हणत तिनं त्याचं मनगट धरलं आणि समेवर दाबलं. "एक. सोड. आता."

मागून येणाऱ्या जयवंतानं ढोलकीची दोरी ओढली, इतकी की चामड्याची पुडी चढून किरकिरायला लागली.

"ए जयवंत," अंबिका मागं न बघता म्हणाली, "ठेका धर ना. ह्याला शिकू दे."

आणि त्यानं धरला. भाऊच्या धक्क्यापर्यंत धरला.